नदीचे फुटलेले रांजण : ओशोग्बो शहर, ओशुन देवी आणि दरवर्षी नवा होणारा करार

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त थोडं नीटनेटकं केलंय.)

हेडफोन लावलेत? चला, मग आज जरा लांब जाऊ. पश्चिम आफ्रिकेत. नायजेरिया देशाच्या नैर्ऋत्य भागात योरुबा भाषा बोलणाऱ्या लोकांचा मुलूख आहे, आणि त्या मुलखात ओशोग्बो नावाचं एक शहर आहे. लाखो लोकांची वस्ती, रिक्षा, दुकानं, मशिदी, चर्चं, मोबाइलचे टॉवर, सगळं काही. आणि या शहराला चिकटून ७५ हेक्टर, म्हणजे साधारण १८५ एकर, जंगल उभं आहे. जंगलातून एक नदी वाहते. तिचं नाव ओशुन. देवीचं नावही ओशुनच.

दरवर्षी ऑगस्ट महिन्यात एक मुलगी डोक्यावर झाकलेला मोठा भोपळा घेऊन राजवाड्यातून निघते आणि या नदीपर्यंत चालत जाते. भोपळा म्हणजे आपला वाळवून पोखरलेला तुंबा, त्यात देवीसाठी न्यायच्या वस्तू असतात. त्या मुलीला म्हणतात आरुग्बा, म्हणजे भोपळा वाहणारी. ती राजघराण्यातली असते, अविवाहित असते आणि तिची निवड कौल लावून होते. तिच्या मागेपुढे हजारो लोक असतात. ढोल वाजत असतात, ‘ओरे येये ओ’ असा देवीचा जयघोष चाललेला असतो. आणि सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर असतं, तिचं पाऊल अडखळतंय का. कारण ती ठेचकाळली तर तो वर्षभरासाठी अपशकुन मानतात. विचार करा, एका पोरीच्या पावलावर अख्ख्या शहराचा श्वास अडकलेला.

मी हा विषय वाचायला घेतला तेव्हा वाटलं होतं, एक छान रंगीत उत्सव आहे, त्याची माहिती सांगू आणि मोकळे होऊ. पण जसजसा आत गेलो तसं लक्षात आलं की या उत्सवाला यात्रा किंवा जत्रा म्हणून भागत नाही. हा एक करार आहे. शहर आणि नदी यांच्यातला. आणि तो दरवर्षी नव्याने करावा लागतो. आज त्या कराराचीच गोष्ट सांगतो.

झाड पडलं आणि रांजण फुटले

गोष्ट अशी सांगतात. कित्येक शतकांपूर्वी इपोले नावाच्या गावात दुष्काळ पडला. पाणी आटलं. तिथला लारोये नावाचा राजपुत्र आणि तिमेहिन नावाचा शिकारी, दोघे आपली माणसं घेऊन पाण्याच्या शोधात निघाले. चालत चालत ते एका नदीपाशी आले. भरपूर पाणी, गर्द रान. ठरलं, इथेच राहायचं. आता राहायचं तर जागा साफ करायला हवी. त्यांनी झाडं तोडायला सुरुवात केली. एक मोठं झाड कोसळलं ते थेट नदीत.

आणि पाण्यातून आवाज आला. नदीतल्या बाईचा आवाज. ती म्हणाली, अरे रानातल्या जादूगारांनो, तुम्ही माझे रंगाचे सगळे रांजण फोडलेत! ‘रानातले जादूगार’ म्हणजे योरुबा भाषेत ‘ओशो इग्बो’. त्यावरूनच गावाचं नाव ओशोग्बो पडलं, असं तिथे मानतात.

रंगाचे रांजण कसले, तर निळीचे. योरुबा बायका पिढ्यानपिढ्या निळीत कापड रंगवत आल्यात. झाडाच्या पानांपासून नीळ काढायची, मातीच्या मोठमोठ्या रांजणांत ती आंबवायची आणि त्यात कापड बुडवून काढायचं. या कापडाला ‘आदिरे’ म्हणतात, आणि ओशोग्बो शहर त्यासाठी इतकं प्रसिद्ध की त्याला रंगाचं गाव म्हणूनच ओळखतात. म्हणजे बघा, त्यांची देवी कुठे सिंहासनावर बसलेली नव्हती. ती नदीच्या तळाशी आपला धंदा करत होती. कापड रंगवणारी एक कामकरी बाई. आणि ही नवी माणसं आली ती थेट तिच्या कारखान्यावर झाड पाडून!

पुढे काय झालं? देवीने त्यांना हाकलून दिलं नाही. ती म्हणाली, जरा मागे सरका. वरच्या उंच जागेवर घरं बांधा, नदीकाठचं रान माझ्यासाठी सोडा, दरवर्षी मला नैवेद्य आणा. मी तुम्हाला सांभाळीन, तुमच्या बायकांच्या कुशी भरीन, शत्रूंपासून राखीन. लारोयेने मान्य केलं. त्याने नैवेद्य नदीत सोडला तेव्हा एक मोठा मासा वर आला आणि त्याने राजाच्या पसरलेल्या हातांवर पाणी सोडलं. म्हणून ओशोग्बोच्या राजाला आजही ‘अताओजा’ म्हणतात. अर्थ असा की, हात पसरून मासा स्वीकारणारा.

आता ही दंतकथा आहे, हे तुम्हालाही कळतंय आणि मलाही. पण तिच्यातली अट ऐका. ‘मागे सरका.’ शहर वसवणाऱ्यांच्या गोष्टी जगभर आहेत, आणि बहुतेकींमध्ये रान जिंकून घेतल्याचा अभिमान असतो. इथे शहराची सुरुवातच नुकसानभरपाईने होते. आम्ही तुझं मोडलं, म्हणून आम्ही दरवर्षी येऊ.

बारा दिवसांचा हिशेब

उत्सव साधारण बारा दिवस चालतो. पहिलं काम असतं रस्ता मोकळा करण्याचं. राजा आणि त्याचे मानकरी शहरात फिरतात, वाट शुद्ध करतात. याला ‘इवोपोपो’ म्हणतात.

मग येते दिव्याची रात्र. राजवाड्याच्या अंगणात सोळा ज्योतींचा एक उंच दिवा पेटवतात. त्याचं नाव उच्चारताना माझी जीभ दोनदा वळली, ऐका : ‘ओलोजुमेरिनदिनलोगुन’. सोळा डोळ्यांचा, असा अर्थ. रात्रभर तो जळतो आणि राजा, राण्या, मानकरी त्याच्याभोवती नाचतात. या शब्दात एक गंमत दडलीय. योरुबात सोळा म्हणायचं तर ‘विसाला चार कमी’ असं म्हणतात. विचित्र वाटतंय? मग एकोणीस म्हणजे काय, सांगा बरं. एक उणे वीस! एकोणतीस, एकोणचाळीस, आपण रोज हेच करतो. योरुबा लोक एवढ्यावर थांबत नाहीत, इतकंच.

सोळा हा आकडा ओशुनचाच. तिचे पुजारी सोळा कवड्या टाकून कौल लावतात. किती कवड्या उताण्या पडल्या, किती पालथ्या, त्यावरून उत्तर. आणि या कवड्यांमुळे एक खरीखुरी वाट आपल्याकडे येते. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आठवा. ही छोटी पिवळसर कवडी प्रामुख्याने मालदीव बेटांच्या समुद्रातली. शतकानुशतकं ती तिथून भारतात येत होती, आणि बाजारात सुटे पैसे म्हणून चालत होती. आपल्या ‘कवडीमोल’ या शब्दात तो काळ अजून जिवंत आहे. पुढे पोर्तुगीज, डच आणि इंग्रज जहाजं हीच कवडी युरोपमार्गे टनावारी पश्चिम आफ्रिकेत न्यायला लागली. कारण तिथेही ती पैसा म्हणून चालायची. आणि त्या पैशाने ते काय विकत घेत होते? माणसं. गुलाम. एकच शिंपला, आपल्याकडे देवीच्या गळ्यात, तिकडे देवीच्या कौलात, आणि मधल्या वाटेवर माणसांच्या किमतीत. हे पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

दिव्यानंतर येतो ‘इबोरियादे’. आतापर्यंत होऊन गेलेल्या राजांचे मुकुट एकत्र मांडतात आणि त्यांची पूजा होते. थोडक्यात, करारावर आधी सह्या करणाऱ्या सगळ्यांना साक्षीला बोलावतात. आणि शेवटच्या दिवशी आरुग्बा निघते. ती देवराईत पोचली, नैवेद्य नदीत गेला, राजाने आपली प्रार्थना केली की करार वर्षभरासाठी पक्का. मग लोक नदीवर येतात. पाणी पितात, तोंडावर मारतात, बाटल्यांत भरून घरी नेतात. मूल व्हावं म्हणून आलेल्या बायका असतात, मूल झालं म्हणून ते दाखवायला आलेल्याही असतात.

लढाई, आणि समुद्रापार गेलेली देवी

आता थोडा पक्का इतिहास. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला योरुबांचं मोठं ओयो साम्राज्य कोसळलं. गावंच्या गावं उठली, निर्वासितांचे लोंढे दक्षिणेकडे आले. उत्तरेकडून इलोरिनच्या फुलानी सत्तेची घोडदळं पुढे सरकत होती. १८४० च्या सुमारास त्यांनी ओशोग्बोला वेढा घातला. तेव्हा इबादानची फौज मदतीला आली आणि इलोरिनचा पराभव झाला. ही योरुबा इतिहासातली कलाटणी देणारी लढाई मानतात, कारण इलोरिनची दक्षिणेकडची चाल इथेच अडली.

इतिहासकार इबादानच्या फौजेबद्दल बोलतात. ओशोग्बोचे लोक मात्र आणखी एक गोष्ट जोडतात. म्हणे ओशुन स्वतः भाजीवालीचं रूप घेऊन शत्रूच्या छावणीत गेली, विषारी भाजी विकून आली, आणि अर्धं सैन्य पोट धरून बसलं! पुन्हा बघा, तलवार नाही, गदा नाही. रंगारीण होती, आता भाजीवाली.

पण सगळी गावं ओशोग्बोसारखी वाचली नाहीत. या लढायांत पकडलेली हजारो योरुबा माणसं किनाऱ्यावर नेली गेली, विकली गेली आणि जहाजांत कोंबून ब्राझील आणि क्यूबाला पाठवली गेली. त्यांच्याकडून कपडे, नावं, भाषा सगळं काढून घेतलं. देवी मात्र त्यांच्यासोबत गेली. ब्राझीलमध्ये कांदोंब्ले परंपरेत ती ‘ओशुम’ झाली. क्यूबात ती ‘ओचून’ झाली, आणि मालकांच्या नजरेपासून वाचवण्यासाठी भक्तांनी तिला कॅथलिक मेरीच्या पदराआड ठेवलं. एल कोब्रे गावच्या ज्या करुणामयी मेरीला १९१६ मध्ये पोपनी क्यूबाची रक्षक संत ठरवलं, तिच्यापुढे मेणबत्ती लावणारे कितीतरी लोक मनात ओचूनचं नाव घेतात. ज्या नदीचं पाणी त्यांनी कधी पाहिलं नाही, तिची पूजा पणतू-खापरपणतूंपर्यंत पोचली.

तुमच्यापैकी अनेकांनी ही देवी पाहिलीय, फक्त ओळखली नसेल. २०१६ मधला बियॉन्सेचा ‘लेमोनेड’ आठवतोय? पिवळा झगा, दारं उघडताच पायऱ्यांवरून उसळत येणारं पाणी? पिवळा रंग ओशुनचा, गोडं पाणी ओशुनचं. ते दृश्य पाहून जगभरच्या भक्तांनी तिला लगेच ओळखलं. आज ऑगस्टमध्ये ब्राझील, क्यूबा, अमेरिका इथून लोक ओशोग्बोला येतात. ज्यांच्या पूर्वजांना परत येता आलं नाही, ती माणसं.

रान तुटायला लागलं तेव्हा

आता १९५० चं दशक. बहुतेक लोक मुस्लिम किंवा ख्रिश्चन झाले होते, इंग्रजांचं राज्य होतं, जुन्या देवांना शाळेत मागासलेपण म्हणून शिकवलं जात होतं. एकेकाळी योरुबा गावांना आपापली देवराई असायची. एकेक करत त्या गेल्या किंवा आक्रसल्या. ओशोग्बोतही तेच सुरू झालं. पुजारी रान सोडून गेले, देवळांच्या मातीच्या भिंती वाळवीने खाल्ल्या, आणि जिथे फांदी मोडायला लोक घाबरायचे तिथे झाडतोड, शिकार, मासेमारी सुरू झाली. म्हणजे करार मोडायला आला होता.

याच काळात सुझान वेंगर नावाची एक चित्रकार तिथे होती. १९१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात जन्मलेली. १९५० मध्ये पती उली बायर यांच्यासोबत ती नायजेरियात आली. आल्यावर तिला क्षयाने गाठलं. त्या आजारपणानंतर तिला ओबाताला देवाच्या एका पुजाऱ्याने दीक्षा दिली, आणि ती परत गेलीच नाही. पुढे ओशोग्बोच्या पुजाऱ्यांबरोबर तिने देवळांची डागडुजी सुरू केली.

इथे मी मुद्दाम थांबतो. ही गोष्ट बऱ्याचदा ‘एक गोरी बाई आली आणि तिने आफ्रिकेचं जंगल वाचवलं’ अशी सांगतात. वेंगरबाईंचं काम मोठं आहे, वाद नाही. झाडतोड्यांपुढे त्या उभ्या राहिल्या. पण त्या रानात आज जी थक्क करणारी शिल्पं आहेत, ती एकट्या हातांनी झालेली नाहीत. आदेबिसी अकांजी हे गवंडी होते. सिमेंटमध्ये त्यांचा हात असा चालायचा की भिंतीतून प्राणी बाहेर यायचे. कसाली अकांग्बे लाकूड कोरायचे. बुराइमो ग्बादामोसी दगड घडवायचे. बुराइमो म्हणजे इब्राहिम या नावाचं योरुबा रूप, एवढं सांगितलं की पुरे. गवंडी, सुतार, लोहार अशी ही सगळी कारागीर मंडळी. त्यांनी मिळून जुन्या देवळांभोवती माती, सिमेंट आणि लोखंडाचं एक नवंच जग उभं केलं. त्यात इया मोपो नावाची अनेक हात पसरलेली देवी आहे. ती कुंभारकाम आणि रंगकामासारख्या बायकांच्या व्यवसायांची देवी. रांजणांचा धागा इथेही सुटलेला नाही.

आणि ही शिल्पं नुसती शोभेची नव्हती. रिकामं रान दिसलं की माणूस त्याला ‘मोकळी जागा’ म्हणतो आणि प्लॉट पाडतो. वळणावळणावर उभे असलेले देव म्हणजे तिथली मोजणीची खुणेची दगडं होती. १९६५ मध्ये देवराईला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, १९९२ मध्ये पूर्ण ७५ हेक्टर त्यात आले, आणि २००५ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत घेतलं. वेंगरबाई २००९ मध्ये ओशोग्बोतच वारल्या, वयाच्या ९३ व्या वर्षी.

आज उत्सवाला राजा पुढे असतो. २०१० पासून गादीवर असलेले अताओजा जिमोह ओयेतुंजी ओलानिपेकुन स्वतः मुस्लिम आहेत, आणि तरी लारोयेचा करार तेच नवा करतात. काही धर्मोपदेशकांना ते खटकतं. दुसरीकडे मोबाइल आणि पेयांच्या कंपन्यांचे बॅनर देवीच्या वाटेवर फडकत असतात, तेही काहींना खटकतं. पण आरुग्बा निघते. दरवर्षी निघते.

आता पाण्याचं काय?

इथे ही गोष्ट गोड शेवट करून थांबवता आली असती. रान वाचलं, उत्सव वाचला, टाळ्या. पण नदी फक्त ७५ हेक्टरांत वाहत नाही. ती एकिटीच्या टेकड्यांमध्ये उगवते, ओशुन राज्यातून वाहत थेट लागोसच्या खाडीला मिळते. देवराईच्या वरच्या अंगाला, इलेशाच्या आसपासच्या जमिनीत सोनं आहे. गेल्या काही वर्षांत तिथे बेकायदा खाणकाम वाढलं. ओढ्याकाठी खणायचं, माती ओढ्यातच धुवायची, सोनं वेगळं करायला पारा वापरायचा. तो गाळ नदीत येतो. एकेकाळी स्वच्छ असलेलं ओशुनचं पाणी गढूळ, तपकिरी झालं. तपासणीत त्यात पारा, शिसं असे जड धातू सापडले. २०२२ च्या उत्सवाआधी तर सरकारलाच सांगावं लागलं की नदीचं पाणी पिऊ नका.

लोक आले. आणि लोकांनी पाणी प्यायलं. तपकिरी पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या भरून नेल्या.

त्यांना अडाणी म्हणणं फार सोपं आहे. पण त्यांच्या बाजूने बघा. आई आजारी पडली म्हणून कुणी तिच्या हातचं खाणं नाकारतं का? जिच्या पाण्याने मूल होतं असं आजीने सांगितलं, त्या पाण्याला विष म्हणणं म्हणजे त्यांच्यासाठी देवीलाच नाकारणं आहे. आणि पारा सगळ्यात जास्त इजा कुणाला करतो? पोटातल्या बाळाला. ज्या बायका मूल मागायला येतात, नेमक्या त्यांच्याच ओंजळीत हे पाणी पडतंय. यापेक्षा क्रूर थट्टा मला तरी सुचत नाही.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. उत्सवाने जे राखायचं वचन दिलं होतं, ते राखलं. देवीच्या धाकाने झाडं उभी राहिली, मग शिल्पांनी राखली, मग कायद्याने. करार पाळला गेला, पण तो पाळला गेला कुंपणाच्या आत. वरच्या ओढ्यावर फावडं मारणाऱ्या पोराने लारोयेचं नाव ऐकलंही असेल, पण पोट भरायला त्याच्यापुढे दुसरी वाट कोणती आहे? आणि त्याच्याकडून सोनं विकत घेणारा तर देवराईपासून खूप लांब बसलेला असतो. मुळात देवी म्हणाली काय होती? माझे रांजण फोडलेत. रांजण नदीत होते, काठावरच्या झाडांत नव्हते.

हा करार एकदाच करून पेटीत ठेवायचा कागद असता तर एव्हाना संपलाच असता. तो दरवर्षी करावा लागतो, म्हणून अजून आशा आहे. ओशोग्बोचे काही लोक, देवीचे पुजारी, पर्यावरणासाठी काम करणारे तरुण आता हेच म्हणतायत की रान राखलंत तशी आता नदी राखा, उगमापर्यंत. दर ऑगस्टला पुन्हा एक मुलगी भोपळा डोक्यावर घेईल, आणि लोक तिच्या पावलांकडे बघत राहतील. यावेळी त्यांनी थोडं पाण्याकडेही बघावं.

आजच्यापुरतं एवढंच, मंडळी. ओशुनसारख्या एखाद्या नदीची गोष्ट तुमच्या घरात सांगत असतील तर व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवीन. भेटू लवकरच. तोवर, पाणी जपून वापरा.